अर्ध्यावर थांबवलेली साक्ष

हे सांगायचं मी बरीच वर्षं टाळलं. टाळण्याला मी ‘मंडळीची शांती जपणं’ म्हणत आलो. मागच्या महिन्यात मार्थाबाई गेल्या, आणि त्यांच्या दफनविधीत मीच उभा राहून म्हणालो, “या बहिणीनं आयुष्यभर एका शब्दानं तक्रार केली नाही.” लोकांनी माना डोलावल्या. नंतर दोघांनी येऊन सांगितलं, मास्तर, काय सुंदर बोललात. हातातला चहा मी तसाच बाकावर ठेवून दिला. स्वतःची इतकी किळस मला याआधी कधी आली नव्हती... कारण मार्थाबाईंनी तक्रार केली होती, भर उपासनेत, आणि ती मधेच तोडणारा माणूस मी होतो.

आमच्या रत्नागिरीच्या मंडळीत, म्हणजे चर्चमध्ये, रविवारी पाळकांच्या उपदेशाआधी साक्ष देण्याची रीत आहे. ज्याला वाटेल त्यानं उभं राहून देवानं आपल्यासाठी काय केलं ते सांगायचं. मुलाला नोकरी लागली, ऑपरेशन पार पडलं, घराला पक्का स्लॅब झाला... शेवटी हालेलुया. मी मंडळीचा चिटणीस, त्यामुळे कोण काय बोलतं यावर माझं लक्ष असे. मार्थाबाई हंगामात आंब्याच्या कॅनिंगमध्ये कामाला जायच्या, एरवी खाडीच्या पुलापलीकडे भाट्याला घरी शिवणकाम करायच्या. नवरा ट्रॉलरवर खलाशी. लग्न होऊन आल्या तेव्हा त्यांची साक्ष सगळ्यांना आवडायची. “देवानं आज ताजे बांगडे दिले, म्हणून उशीर झाला,” असं म्हणून एकदा त्यांनी पाळकसाहेबांनाही हसवलं होतं. मग एका वादळात ट्रॉलर परत आला, नवरा आला नाही.

काही आठवड्यांनी त्या उभ्या राहिल्या. “आज माझ्याकडे आभार नायत. मी रोज त्याला विचारते, माझा माणूस कुठे ठेवलास? तो बोलत नाय. मी रागावलेय त्याच्यावर. तरी आलेय, कारण...” एवढ्यात मी माइकपाशी पोचलो. “बाई, साक्ष म्हणजे देवाचे आभार. विश्वासात कमी पडू नका. बसा.” मुंबईचे पाहुणे पाळक पहिल्या बाकावर होते, आणि मला त्यांची लाज वाटत होती. मार्थाबाई बसल्या. मी लगेच गीत सुरू करायला लावलं, पेटी जरा मोठ्यानं वाजवायला सांगून. देवाशी असं भांडण आमच्या स्तोत्रांत पानोपानी आहे. ते आम्ही चाल लावून गातो. जिवंत बाईच्या तोंडून आलं तर मात्र आम्हाला सोसवलं नाही. या आमच्या गोडगोड भक्तीची आज मला शिसारी येते.

त्या मंडळी सोडून गेल्या नाहीत. दर रविवारी यायच्या, पण पुन्हा उभ्या राहिल्या नाहीत. पुढे मुलगा जहाजावर लागला, नवं घर झालं, नात झाली. मंडळीच्या वर्धापनदिनाआधी मी त्यांच्या घरी गेलो. “मार्थाबाई, आता तरी साक्ष द्या. केवढा आशीर्वाद!”

शिलाई मशीनवरून मान न उचलता त्या म्हणाल्या, “काय ओ मास्तर, मोठा मासा गावला की बोलवायला येता. रिकामं जाळं तुम्हाला नको होतं.”

“तसं नव्हे हो...”

“तसंच. सुखात देवापाशी बसायला मला जड जातं, लक्ष उडतं. माणूस गेला तेव्हा भांडून भांडून दमले ना, की वाटायचं, ऐकणारा इथंच बसलाय. तेच सांगायला उभी राहिले होते. तुम्ही मधेच गाणं लावलंत.”

म्हणजे साक्ष पुढेच होती, आणि मी ती मंडळीला ऐकू दिली नव्हती. त्यावर मी काय म्हणालो? “बरं, येतो.”

माझी बायको गेली तेव्हा बंधुभगिनी आले आणि ‘देवाची इच्छा’ म्हणून गेले. मीही इतरांच्या घरी हेच बोललो होतो. आता ते शब्द उष्ट्यासारखे वाटले. मार्थाबाई पेज घेऊन आल्या, बायबलमधलं वचन वगैरे काही वाचलं नाही. जाताना एवढंच म्हणाल्या, “भांडा त्याच्याशी. तो ऐकतो. आपले लोक ऐकत नायत.” त्या दिवसांत, म्हातारपणी, मी पहिल्यांदा खरी प्रार्थना केली. ती मला जिनं शिकवली, तिलाच मी विश्वासात कमी ठरवलं होतं.

त्यांनी अंथरूण धरल्यावर माफी मागायची म्हणूनच मी भाट्याला गेलो. त्या उशीला टेकून बसल्या होत्या. “सांगा मास्तर, तुमचं कसं चाललंय?” असं विचारून त्या उत्तरासाठी थांबल्या. दुसऱ्याचं ऐकताना त्या खरंच थांबायच्या. मी तोंड उघडलं... “देवाच्या कृपेनं सगळं ठीक.” त्या हसून म्हणाल्या, “बरं.” मी लांबलचक, सुरेख प्रार्थना केली. त्यांनी आमेन म्हटलं. मी चपला घातल्या. रिक्षा पुलावर आल्यावर माफीचं ते वाक्य मला सापडलं, आणि तरीही मी रिक्षा वळवली नाही. मार्थाबाई, त्या रविवारी तुम्ही नव्हे, मी खाली बसायला हवं होतं. मला माफ करा.