दादाच्या पोटऱ्या

कृत्रिम पाय बनवणाऱ्या केंद्रात त्यांना सगळे मास्तर म्हणत. शिकवलं मात्र त्यांनी कधी कुणाला नव्हतं. कोपऱ्यात पाठ करून बसायचे आणि पोटऱ्या घडवायचे. कृत्रिम पायात आत नुसती धातूची नळी असते. तिच्यावरच्या कवचाला आकार मास्तर देत. माणसाच्या धड पायाची घोट्यापासून गुडघ्यापर्यंत मापं घ्यायची, प्रत्येक मापाची कडीसारखी एक वक्ररेषा स्क्रीनवर काढायची, मग स्क्रीनवरच्याच आज्ञांच्या चौकटींना तारा जोडत शेवटची तार ‘लॉफ्ट’च्या चौकटीत खुपसायची. त्या सुट्या कड्यांवरून एकसंध पृष्ठभाग ताणला जाई आणि पोटरी उभी राही.

बायको गेल्यापासून घरी बोलायला कुणी नव्हतं. माणसांशी संबंध यायचा तो टेप गुंडाळण्यापुरता.

एका सकाळी वहिनी थोरल्या भावाला चाकांच्या खुर्चीतून घेऊन आल्या. भावाभावांत भांडण असं कधी झालंच नव्हतं. बोलणंच हळूहळू आटलं होतं. मधुमेहापायी दादाचे दोन्ही पाय गुडघ्याखाली कापावे लागले, हे मास्तरांना तेव्हा कळलं.

"कळवलं का नाही?"

"तुम्ही तरी कुठे विचारलंत, भावजी?" वहिनी म्हणाल्या.

मास्तरांनी टेप उचलला आणि तसाच खाली ठेवला. माप घ्यायला पायच नव्हता.

"कसलेही चालतील रे," दादा म्हणाला. "पँटच्या आत कोण बघतंय?"

सगळे जेवायला गेल्यावर मास्तरांनी स्वतःचीच पँट वर सरकवली. लहानपणी दोघं भाऊ पाठमोरे दिसले की आईसुद्धा एकाला दुसऱ्याच्या नावानं हाक मारायची. त्यांनी आपल्याच पोटरीभोवती टेप गुंडाळला, कड्या काढल्या, तार जोडली. पोटरी पिळलेल्या टॉवेलसारखी उठली. कड्यांचे सुरुवातीचे बिंदू एका ओळीत नव्हते, नवशिक्याची चूक. मास्तरांनी चष्मा पुसला, बिंदू जुळवले, पीळ सुटला.

पाय बसवले त्या दिवशी दादा दांड्यांना धरून उभा राहिला, मग खुर्चीत बसून कवचावर हात फिरवू लागला.

"कुणाच्या रे या?"

"माझ्या."

दादानं पोटरी पुन्हा एकदा चाचपली. "बारीकच राहिलास की. जेवतोस ना नीट?"

"जेवतो."

त्यानंतर दादाचा फोन एकदाच आला, डावं कवच घोट्याशी बुटाला घासतं म्हणून. मास्तरांनी तेवढी एक रेषा बदलली, नवं कवच करून घेतलं आणि कुरियरवाल्याच्या हाती दिलं. आपण स्वतःही घेऊन जाऊ शकलो असतो, हे तो जिना उतरून गेल्यावर त्यांच्या ध्यानात आलं.