पुलावरचं पाणी बघून येणारे सर

बिरादार सर गेल्याचं त्यांच्या मुलानं फोनवर सांगितलं, तेव्हा मी शाळेत होते. बाहेर ऊन पडलं होतं, आठवडाभराच्या झडीनंतरचं... न्यूमोनियानं सर गेले. मातीला सगळं गाव होतं. मला कुणी एका शब्दानं बोललं नाही. बोललं असतं तर बरं झालं असतं, असं अजून वाटतं.

उदगीरजवळच्या आमच्या गावात शाळा ओढ्याच्या अलीकडं आणि आमची वस्ती पलीकडं. मधे नळकांडी पूल, जरा जोराचा पाऊस झाला की पाण्याखाली जाणारा. मी चौथीत असताना सर मुख्याध्यापक होते. एकदा दुपारी अचानक पाणी चढलं आणि वस्तीवरची लेकरं शाळेत अडकली. पलीकडून माझे वडील ओरडले, "सर, पोरीला सोडा, मी खांद्यावर घेऊन जातो!" सर तितक्याच जोरात म्हणाले, "न्हाई सोडत! शिव्या द्यायच्या असल्या तर तिथूनच दे, पाण्यात उतरायचं न्हाई!" वडिलांनी दिल्याही. त्या दिवशी सरांच्या घरी काकूंनी आम्हा सगळ्यांना पिठलं-भाकरी वाढली. पुढं सातवीनंतर वडील माझी शाळा बंद करायला निघाले, तेव्हाही सर असेच आडवे आले. आमच्या घरात पदवी घेतलेली मी पहिली. त्याच शाळेत मी मुख्याध्यापिका होऊन आले, तेव्हा सर कधीचेच निवृत्त झाले होते.

पावसात शाळा बंद ठेवायची की नाही, हे बाहेरून वाटतं तितकं सोपं नसतं. जिल्ह्याचा आदेश कधी आदल्या दिवशी येतो, कधी लेकरं वर्गात येऊन बसल्यावर. मग हातात सुट्टीचा आदेश आणि समोर भरलेला ओढा. आदेश आलाच नाही, तर मुख्याध्यापकाच्या अधिकारातली सुट्टी द्यायची. ती उगाच दिली तर वरून विचारणा, नाही दिली आणि काही झालं तर... मी राहते उदगीरला. तिथून मला पूल कसा दिसणार? म्हणून रुजू झाले त्याच वर्षी सरांना फोन केला, "सर, जरा पुलावर बघून येता का?" सर केवढे खूश झाले! "येतो की. मला आता दुसरं काय काम हाय?"

मग ती रीतच पडली. आभाळ भरलं की मी फोन करायची, सर जाऊन यायचे. "सकाळी लेकरं येतील का ते बघू नको बाई, दुपारी परत जातील का ते बघ. वरच्या अंगाला काळं हाय, ठेव बंद." मी लगेच पालकांच्या ग्रुपवर निरोप टाकायची. मॅडम वेळेवर निर्णय घेतात, असं गावात माझं नाव झालं.

यंदाच्या झडीत सरांना बोलताना खोकला यायचा. "सर, बरं नाही का?" म्हटलं, तर म्हणाले, "घसा बसलाय. तू सुट्टीचं बोल." आणि मी सुट्टीचंच बोलले. दुसऱ्या दिवशीही फोन केला, आणि सर तसेच पावसात पुलावर जाऊन आले. विचारायला दुसरं कुणी नव्हतं असं नाही. पुलाजवळ किराणा दुकान आहे, गावात तरणी पोरं आहेत. पण सरांनी सांगितलं की मला भीती वाटत नसे.

दिवस झाल्यावर काकूंना भेटायला गेले आणि हे सगळं बोलले. त्या म्हणाल्या, "तू फोन नसता केलास तरी गेलेच असते ते. घरी बसल्यापासून दुसरं कोण इचारत होतं त्यांना?" त्या माझी समजूत काढत होत्या की खरं सांगत होत्या, मला कळलं नाही.

गेल्या आठवड्यात पुन्हा पाऊस लागला. कुणाला विचारावं या विचारात असतानाच फोन वाजला. काकू होत्या.

"सुनीता, पाणी पुलाला टेकलंय. आज शाळा नको."

"काकू, तुम्ही गेलात?"

"मग काय करू? आभाळ आलं की घरात बसवत न्हाई. ह्यांची छत्री लई जड हाय गं, वाऱ्यात धरवत न्हाई."

मी फोन ठेवला आणि ग्रुपवर सुट्टीचा निरोप टाकला. काकू अजून तिथंच उभ्या असतील, त्यांना आधी घरी जा म्हणायला हवं होतं... हे मला त्यानंतर सुचलं.