पुन्हा ऐकतो

“गाणं वाईट असलं की मी छान म्हणतो, कारण वाईट म्हटलं की माणूस कारण विचारत बसतो.”

काचवाले हे एकदाच बोलले, लग्नानंतरच्या पहिल्या महिन्यात, बायकोपाशी. तिने त्याची खूणगाठ बांधून ठेवली. पुढच्या एकवीस वर्षांत त्या वाक्याचा उपयोग झाला नाही असा आठवडा क्वचित गेला असेल.

काचवाले चष्म्याच्या दुकानात मागच्या खोलीत काचा घासत. पुढे काउंटरवर डोळे तपासले जात, गोड बोललं जाई. मागे एक फिरतं चाक, त्यावर पाण्याची बारीक धार, आणि फ्रेमच्या मापाची होईपर्यंत चाकाला टेकवून धरलेली काच. तडकायच्या आधी काचेचा आवाज बदलतो म्हणे. म्हणे अशासाठी, की तो बदल दुकानात त्यांच्याखेरीज कुणालाच ऐकू येत नसे. ते हात काढून घेत, काच वाचे, आणि पुढे काउंटरवर कुणाला काही कळतही नसे.

गाणं ते शिकले नव्हते. कुठलं वाद्य हातात धरलं नव्हतं, अंघोळ करतानासुद्धा कधी गुणगुणले नाहीत. नुसते ऐकत. नवी तबकडी आणली की पहिल्या गाण्याला हात लावत नसत. “पहिलं गाणं म्हणजे पाहुण्यांसाठी काढलेली चादर,” म्हणत. थेट चौथं लावत. “चौथ्यापर्यंत माणूस दमतो. मग खरं बोलतो.” कार्यक्रमाला गेले की शेवटच्या रांगेत, आवाजाची बटणं सांभाळणाऱ्या माणसाच्या बाजूला बसत, आणि गाणं संपल्यापासून टाळी पडेपर्यंतचा वेळ मनात मोजत. टाळी लगेच पडली की मान हलवत. “लोक संपायची वाट बघत होते.” टाळ्यांनी ताल धरणाऱ्या मंडळींवर त्यांचा विशेष राग. “एवढी हौस आहे तर घरी जाऊन डबे बडवावेत.” एका नावाजलेल्या गायिकेबद्दल ते म्हणाले होते, “बाई यायच्या आधी त्यांचा गोडवा येऊन खुर्चीत बसतो. मग त्यांना उभं राहूनच गावं लागतं.”

ही मतं ते काचेच्या रिकाम्या पाकिटांवर लिहीत. काचा येतात त्या कागदी पाकिटांची पाठ कोरी असते. तबकड्यांचं दुकान पलीकडच्याच गल्लीत होतं. तिथला म्हातारा मालक ही पाकिटं दाराजवळच्या फळीवर टाचणीने लावी. लोक आधी पाकीट वाचत, मग तबकडी उचलत किंवा परत ठेवत. पाकिटाच्या दर्शनी बाजूला काचेचा नंबर छापलेला असे. एकदा एक गायक तावातावाने दुकानात शिरला. “उणे सव्वादोन? मला? अहो, शून्य तरी द्यायचं होतं!” मालकाने शांतपणे पाकीट उलटं करून दाखवलं. मागे लिहिलेलं होतं, ‘छान.’ गायक खुशीत निघून गेला. त्या बिचाऱ्याला भाषा येत नव्हती.

भाषा येणारी माणसं थोडी. दुकानात नेहमी येणारे दहा-पंधरा जण, म्हातारा मालक, काचवाल्यांचा धाकटा भाऊ आणि बायको. गाण्यातलं तिला ओ का ठो कळत नसे आणि ते ती लपवतही नसे. पण नवऱ्याचे शब्द तिला पाठ होते. छान म्हणजे वाईट. ‘मेहनत दिसते’ म्हणजे फारच वाईट. ‘बघू’ म्हणजे अधलंमधलं. आणि ‘पुन्हा ऐकतो’ म्हणजे त्याहून वर काही नाही. ते तिने एकवीस वर्षांत सहा वेळा ऐकलं होतं.

ती लग्न होऊन आली तेव्हा धाकटा दीर अकरा वर्षांचा होता आणि झोपेतसुद्धा गुणगुणायचा. तिनेच त्याचं नाव भुंगा ठेवलं. सासू नव्हती, त्यामुळे त्याचं डोकं पुसण्यापासून त्याचे रुसवे काढण्यापर्यंत सगळं हिच्याच वाट्याला आलं. सोळाव्या वर्षी तो शाळेत गायला. शाळा टाळ्यांनी दणाणली. घरी येऊन त्याने विचारलं, “दादा, कसं झालं?” दादा बूट काढता काढता म्हणाला, “छान.” पुढची दोन वर्षं घरात गुणगुण ऐकू आली नाही. तिला त्या शांततेची इतकी धास्ती बसली, की अजूनही घर फार वेळ गप्प असलं की ती उगाच नळ सोडायची.

आता भुंगा बत्तीस वर्षांचा. जमीन मोजणीच्या कचेरीत नकाशे काढायचा, स्वतःच्या खोलीवर राहायचा, आणि सुट्ट्या साठवून साठवून त्याने दोन वर्षांत आपली पहिली तबकडी केली होती. ती घेऊन तो दादाकडे गेला नाही. मागच्या दाराने स्वयंपाकघरात आला.

“वहिनी, ही त्याला दे. मी निघतो.”

“स्वतः दे की. दादा आहे तुझा, वाघ नव्हे.”

“वाघाचं बरं असतं. तो छान म्हणत नाही.” तो हसला, पण हसू लगेच मावळलं. “वहिनी, या वेळी छान म्हणाला ना, तर मी सोडून देणार. रागाने नाही सांगत. सोळाव्या वर्षी परत सुरू करता आलं. आता नाही यायचं.”

“काहीतरीच बोलू नकोस.”

“पुढच्या रविवारी दुपारी कार्यक्रम आहे. त्याच्या आधी मला कळव. तू सांग, त्याला नको सांगायला लावू.”

ती त्याला ओळखत होती. हा धमकी देणारा मुलगा नव्हता. ताटात नको असलेली भाजीसुद्धा तो सांगून टाकायचा आणि सांगितलं तसंच वागायचा.

काचवाल्यांनी तबकडी संध्याकाळी जेवणाच्या टेबलाशी बसून ऐकली. कानांवर हेडफोन, हात मांडीवर. आधी चौथं गाणं. मग सगळी. मग परत चौथं. ती समोर बसून धुतलेल्या कपड्यांच्या घड्या घालत होती. एकाच टॉवेलची तिने तीन वेळा घडी घातली.

त्यांनी कानावरचं काढलं. “छान,” म्हणाले. तिच्याकडे न बघता.

“अहो, भुंगा आहे तो.”

“माहीत आहे.”

“मग नीट ऐका ना.”

“नीटच ऐकलं. दोनदा.” ते बराच वेळ तबकडीचा रिकामा डबा उघडत-मिटत राहिले. “त्याचा श्वासच काढून टाकलाय गं. गाताना माणूस दम घेतो, कुठे घोगरा होतो, कुठे निसटतो. ते सगळं घासून टाकलंय. इतकी घासली काच, की आता फ्रेममधून गळून पडते. लहानपणी अंगणात दोरीवर कपडे टाकताना गायचा तो कोण होता? तो यात नाहीच.”

“मग हेच त्याला सांगा.”

“सांगितलं तर तो श्वास घालून आणेल. मोजून मापून. नकाशे काढतो ना.” ते उठले. “कारण दुरुस्त करता येतं. गाणं नाही येत.”

“एकदा, फक्त एकदा, दुसरं काही म्हणालात तर काय बिघडेल?”

ते तिच्याकडे खरोखरच विचार करत बघत राहिले. “तोंडातून येत नाही,” म्हणाले. त्यात ताठा नव्हता. पाय दुखतोय म्हणून सांगावं तसं सांगितलं. पाकीट त्यांनी लिहिलं नाही.

दुसऱ्या दिवशी भुंगा मागच्या दाराशी आला तेव्हा ती भांडी विसळत होती. तो चौकटीला धरून उभा राहिला. त्याची बोटं तिला दिसली, चौकटीवर पांढरी पडलेली, आणि तिच्या तोंडून निघून गेलं, “पुन्हा ऐकतो म्हणाले.”

“काय?”

“पुन्हा ऐकतो.”

तो तिथेच उंबऱ्यावर बसला. हातांत तोंड लपवून लहान मुलासारखा हसला, मग रडला, मग म्हणाला, “खोटं बोलत असलीस तर बघ हं, वहिनी.”

“मला काय कळतंय त्यातलं खोटं बोलायला?” ती म्हणाली. ताट हातातच राहिलं होतं आणि त्यावरून पाणी ओघळत होतं.

नवऱ्याला सांगून टाकावं असं तिने त्या आठवड्यात रोज ठरवलं. सोमवारी ते दमून आले होते. मंगळवारी त्यांचा मूड बरा होता, तो घालवावासा वाटला नाही. गुरुवारी तिने तोंड उघडलं, “अहो, मी भुंग्याला…” आणि ते म्हणाले, “त्याला सांगायला नको काही. मी गप्प राहीन. तेवढं करता येईल मला.” नवरा आपल्या परीने एवढी मोठी गोष्ट देऊ करत होता. ती “बरं” एवढंच म्हणाली.

रविवारी सभागृह जवळजवळ भरलं होतं. फळीवरची पाकिटं वाचणारी नेहमीची मंडळी मधल्या रांगांत होती, म्हातारा मालक पुढे. काचवाले शेवटच्या रांगेत नेहमीच्या जागी, ती शेजारी. भुंग्याने नवा शर्ट घातला होता, आणि त्याची घडी मोडू नये अशा बेताने तो गात होता. टाळ्या लगेच पडत होत्या. ती नवऱ्याच्या चेहऱ्याकडे बघायचं टाळत होती.

पाचव्या गाण्यात मध्येच माइक बंद पडला. बटणांवरचा माणूस धावला. भुंगा क्षणभर अडखळला, आणि तसाच गात राहिला, उघड्या आवाजात, मागच्या रांगेपर्यंत पोचावं म्हणून जरा ओरडून. मध्ये दम लागला. एका जागी आवाज फाटला. काचवाले खुर्चीत पुढे सरकले. त्यांच्या हाताची बोटं गुडघ्यावर उघडली आणि तशीच राहिली. तिला काही कळत नव्हतं, पण ती बोटं कळली. तिने मनातल्या मनात हात जोडले.

माइक सुरू झाला. भुंग्याने घसा साफ केला, “माफ करा” म्हणाला, आणि ते कडवं पुन्हा पहिल्यापासून गायला. गुळगुळीत. काचवाल्यांची पाठ सावकाश खुर्चीला टेकली.

गाणं संपलं. टाळ्या थांबायची वाट न बघता तो बोलू लागला. “एक सांगायचंय. माझ्या दादाने हे ऐकलं. इथल्या काही जणांना त्याची भाषा येते.” मधल्या रांगांत हसू पसरलं. “दादा म्हणाला, पुन्हा ऐकतो.”

म्हातारा मालक मागे वळून बघू लागला. मग एकेक मान वळली. कुणीतरी “वा!” म्हणालं. पाकिटं वाचणाऱ्यांनी टाळ्या सुरू केल्या, आणि ज्यांना काहीच माहीत नव्हतं तेही वाजवू लागले.

“दादा,” भुंगा माइक पुढे धरून म्हणाला, “आयुष्यात एकदा इथे ये. दोन शब्द बोल. नाहीतर तेच परत म्हण, माझ्यासमोर.”

काचवाल्यांनी तिच्याकडे बघितलं. ती म्हणणार होती, मला दुसरं काही सुचलं नाही हो. पण तिला दिसलं की ते रागावलेले नाहीत. ते शब्द शोधत होते. स्टेजवर नेता येईल असा कुठलाही.

मग ते उठले. टाळ्या वाढल्या. भुंगा स्टेजच्या कडेला आला, त्याने हात पुढे केला. काचवाले खुर्च्यांमधल्या वाटेवर आले, एका हाताने खुर्चीची पाठ धरून उभे राहिले. टाळ्या हळूहळू थांबल्या, लोक त्यांच्या बोलण्याची वाट बघू लागले. भुंगा वाकून हात पुढे करून तसाच होता. काचवाल्यांनी त्याच्याकडे एकदा नीट पाहिलं, वळले, आणि दार ढकलून बाहेर गेले.