फ्लेक्सवर शंभू पाहिजे

फोटो स्टुडिओत दोन गोष्टी साठतात. एक, लोकांनी हौसेनं काढलेले आणि न्यायला न आलेले फोटो. दुसरी, किस्से. फोटो मी दर दिवाळीला आवरतो. किश्शांचं काय करायचं ते कळत नाही, म्हणून चहाला कुणी आलं की सांगत बसतो. माझी बायको नंदा कॉम्प्युटरवरचं काम बघते. ती आतून म्हणते, "गिऱ्हाईक उभं हाय, आधी त्याचं बघा."

शिरूरमध्ये तशी सगळीच कामं करतो. लग्न, बारसं, पासपोर्ट. पण मार्था बाईंच्या शाळेतल्या पोरांचे फोटो काढायला लागलो आणि बाकीच्या गिऱ्हाइकांचं सांगण्यासारखं काही उरलंच नाही. कुणाला दिसत नाही, कुणाला चालता येत नाही, कुणी आपल्याच तंद्रीत असतं, अशा पोरांची ती निवासी शाळा. पहिल्या वर्षी बाईंनी आधी प्रार्थना केली, मग माझ्याकडं वळल्या.

"भाऊ, माझ्या पोरांना 'हालू नको' म्हणायचं न्हाई. तुम्ही हाला."

तेव्हापासून मी हलतो. गुडघे त्यातच गेले.

* * *

गेल्या हिवाळ्यात राहू गावची वैशाली आली. तिचा मुलगा शंभू याच शाळेत आहे.

"भाऊ, शंभूचा एक फोटो पायजे. फ्लेक्ससाठी."

तिच्या धाकट्या दिराचं लग्न ठरलं होतं. आमच्याकडं लग्नाच्या फ्लेक्सवर खालच्या बाजूला घरातल्या चिल्ल्यापिल्ल्यांचे गोल गोल फोटो असतात आणि वर लिहिलेलं असतं, 'आमच्या काकाच्या लग्नाला यायचं हं!' शंभूची सगळी चुलत भावंडं फ्लेक्सवर जाणार होती. शंभू नव्हता. वास्तुशांतीच्या फ्लेक्सवर नव्हता, त्याआधी आत्याच्या लग्नाच्या फ्लेक्सवरही नव्हता.

शंभू नऊ वर्षांचा. बोलत नाही, एका जागी टिकत नाही आणि कॅमेरा दिसला की दोन्ही हातांनी तोंड झाकून घेतो.

"आमचं आप्पा म्हणत्यात, फोटो नीट असंल तर लावू. झाकल्याला नको, लोक बघत्यात." आप्पा म्हणजे तिचे सासरे.

"तेही खरंच आहे," मी म्हणालो. धंद्याची सवय, गिऱ्हाइकाच्या घरच्यांना वाईट म्हणायचं नाही.

"लोकांनी बघावा म्हणूनच पायजे ना," ती म्हणाली.

मला वाईट वाटलं आणि रागही आला, नेमका कुणाचा ते कळलं नाही. त्या दिवशी शाळेत जाऊन शंभूचे खूप फोटो काढले. सगळ्यांत त्याची बोटं फार छान आली.

मार्था बाई म्हणाल्या, "शाळेतली सगळीच पोरं आणते तुमच्याकडं. बाकीची बसल्याली बघून तो पण बसंल." असा बेत ठरला. बाकीची कशी बसली ते ऐका.

* * *

पहिली दुर्वा. तिला दाखल्यासाठी फोटो हवा होता आणि तिच्या वडिलांना कुणीतरी सांगितलं होतं की दाखल्याच्या फोटोत दात दिसता कामा नयेत. दुर्वाचे दात कायम दिसतात. ती झोपेतही हसते असं बाई सांगतात.

मी गंभीर चेहरा करून दाखवला. ती हसली. नंदानं डोळे वटारले. ती आणखी हसली. शेवटी वडील पुढं झाले. "दुर्वे, आपली कपिला गाय मेली ती आठीव बरं. कशी बघत व्हती तुझ्याकडं, आठीव."

दुर्वाला आठवलं की नाही ठाऊक नाही. वडिलांना आठवलं. ते स्टुलावर बसून रडायला लागले. दुर्वानं त्यांची पाठ थोपटली आणि कॅमेऱ्याकडं बघून हसली.

दाखला मिळाला. त्यावर दात दिसतात. कुणी हरकत घेतलेली नाही.

* * *

मग अर्णव. हा बोलतो, पण कामापुरतंच. माझ्याकडं एक धबधब्याचा पडदा आहे, डोंगर, झाडं आणि मधून पाणी. जोडपी त्याच्यापुढंच उभी राहतात. अर्णव पडद्यापुढं आला आणि मागं बघत थांबला.

"बंद करा."

"काय बंद करू बाळा?"

"पाणी. वाया जातंय."

मी समजावलं की ते रंगवलेलं आहे. त्यानं ऐकून घेतलं. "बंद करा," तो म्हणाला. बाईंनी खुणेनं सांगितलं, वाद घालू नका. मी पडदा गुंडाळून वर बांधला. अर्णव साध्या भिंतीपुढं बसला आणि एका झटक्यात उत्तम फोटो दिला.

दुसऱ्या दिवशी एक नवं जोडपं आलं. पडदा सोडला, फोटो काढले आणि ते पैसे देत होते तेवढ्यात मी तो गुंडाळून ठेवला. हल्ली कामापुरताच सोडतो.

* * *

कोमलला दिसत नाही. पण माझी वर्षानुवर्षांची जीभ आहे, ती वळायची तिकडंच वळते. मी म्हणालो, "कोमल, इकडं बघ."

मार्था बाई छताकडं बघायला लागल्या.

"काका," कोमल म्हणाली, "बोलत ऱ्हावा, म्हंजी बघते."

आता ऐन वेळी बोलायचं काय? मी एसटीचे थांबे म्हणायला लागलो. "शिरूर, न्हावरा, चौफुला, पाटस, दौंड." मी जिकडं सरकत होतो तिकडं तिचा चेहरा बरोबर फिरत होता. दौंड आलं आणि मी थांबलो.

"पुढं न्हाई जात गाडी?" तिनं विचारलं आणि तिलाच हसू फुटलं. तो फोटो आता माझ्या स्टुडिओच्या दर्शनी काचेत लावलेला आहे. लोक विचारतात, ही पोरगी कुणाकडं बघून हसतेय. मी सांगतो, दौंडकडं.

* * *

पाबळचा रुद्र व्हीलचेअरवर असतो. त्याच्या आईनं चाकांवर शाल पसरली, फोटोत दिसू नयेत म्हणून. रुद्रनं ती ओढून खाली टाकली.

"नवी हाय. चाकं आली पायजेत."

चाकं घेतली. त्यानं फोटो बघितला आणि नाक मुरडलं. "उभी दिसती. जरा स्पीडमधी दावा."

नंदानं कॉम्प्युटरवर चाकांमागं थोडी धूळ उडवली. लग्नाच्या फोटोत नवरदेवाच्या घोड्यामागं टाकते, तीच. रुद्रची आई ते बघून पहिल्यांदा हसली आणि म्हणाली, एक कॉपी मोठी काढा. रुद्र म्हणाला, धूळ अजून पायजे.

अशी एकेक करून सगळी पोरं बसली. शंभू खिडकीखाली, तोंडावर हात ठेवून. दिवस संपेपर्यंत त्यानं ते काढले नाहीत. वैशाली राहूहून आली होती, शेवटच्या गाडीनं तशीच परत गेली.

* * *

फ्लेक्स शनिवारी छापायला जाणार होता. शनिवारी सकाळी आप्पा स्वतः आले, निमंत्रक म्हणून त्यांचा फोटो लागणार होता. वैशालीचा नवरा पाटसला साखर कारखान्यावर, सीझन चालू, त्याला सुट्टी नाही. म्हणून आप्पाच पिकअप घेऊन आले होते आणि लग्नासाठी शंभूला शाळेतून घेतलं होतं. वैशाली बरोबर होती. फोटोचा विषय तिनं काढला नाही.

आप्पांनी फेटा बांधला, मिशांना तेलाचं बोट लावून दोन्ही टोकं वर केली. त्या मिशीला घरात कुणी हात लावत नाही, असं वैशालीनं मला आधीच सांगून ठेवलं होतं. एक फोटो घेतला. कडक आला.

"आणखी एक घेतो आप्पा."

एवढ्यात पुन्हा खिडकीखालीच बसलेला शंभू उठला, आप्पांच्या मांडीवर चढला आणि त्यानं मिशीचं डावं टोक मुठीत धरलं. दुसरा हात मांडीवर. तोंड उघडं. आणि सरळ कॅमेऱ्याकडं बघायला लागला.

मी क्लिक केलं. तेवढं मला येतं.

वैशालीनं हळूच त्याची मूठ सोडवली. दोन्ही हात तोंडावर गेले. मूठ परत मिशीवर ठेवली. हात खाली, नजर कॅमेऱ्यात. आप्पा जागचे हलले नाहीत. त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं होतं, पण मिशी ओढली जात होती, त्यामुळे नक्की सांगता येत नाही.

नंदानं फोटो कॉम्प्युटरवर घेतला. "आप्पा, तुम्हाला कापून काढते. मिशीचं टोक तेवढं ऱ्हाईल त्याच्या मुठीत."

आप्पा कॉम्प्युटरपाशी येऊन वाकले.

"मिशी कापायची न्हाई. आख्खा लावा."

"पण आप्पा, हा पोरांच्यात जाणार," नंदा म्हणाली.

"जाऊ द्या."

वैशाली भिंतीकडं तोंड करून उभी राहिली. मला बरं वाटलं, फार बरं वाटलं.

फ्लेक्सवाला शहाणा माणूस आहे, प्रश्न विचारत नाही. जेवढे चेहरे तेवढी नावं टाकतो. लग्नात मांडवाच्या दारात फ्लेक्स उभा होता. वर आप्पा, फेटा बांधून, निमंत्रक. खाली 'आमच्या काकाच्या लग्नाला यायचं हं!' आणि त्याखाली गोलातली पोरं. शेवटच्या गोलात दोघं. नावं, 'शंभू, आप्पा'.

दौंडचे एक पाव्हणे त्यापुढं बराच वेळ थांबले. मग आप्पांना गाठून म्हणाले, "आप्पा, नवरदेव तर तुमचा पोरगा. तुमचा काका कवापासनं झाला?"

"ते मला न्हाई ठावं," आप्पा म्हणाले. "शंभूला इचारा."

पाव्हणे शंभूपाशी गेले, वाकले. पाव्हण्यांना मिशी नव्हती. शंभूनं त्यांच्याकडं बघितलंसुद्धा नाही.