मागच्या खोलीपर्यंतची वायर

बायको अंथरुणाला खिळली तेव्हा तिचा पलंग मागच्या खोलीत हलवला. स्टिरिओ पुढच्या खोलीतच राहिला. तिला गाणी ऐकायची होती, पण स्पीकरची लांब केबल फार महाग, म्हणून मी दोन महिने टाळत राहिलो.

शेवटी नवीन जालन्यात एका दुकानदाराला विचारलं. तो म्हणाला, "काका, भारी केबल कशाला? लाइटीची जाड तांब्याची वायर घ्या, स्वस्तात बराबर काम होतं. फक्त बारीक घेऊ नका, एवढ्या लांबवर आवाज पडतो."

त्याच संध्याकाळी वायर ओढून स्पीकर तिच्या उशाशी ठेवला. डोळे मिटून तिनं दोन गाणी ऐकली. मंग हळूच म्हणाली, "इतकं सोपं होतं, तर आधी का न्हाई केलं?"

चार दिवसांनी ती गेली.