तापीवर पूल होईल तेव्हा

मंडळी, हा कागद वाचनालयाच्या फळ्यावर लावतो आहे, कारण आज घरात बसवत नाही.

सकाळी शेजारची यशोदा बाळंतपणात अडली. सुइणीनं हात टेकले, म्हणून आम्ही तिला बाजेवर घालून सारंगखेड्याच्या घाटावर नेलं. दवाखाना तापीपलीकडे, आणि नदी दुथडी भरलेली. नावाडी म्हणाला, "पानी भलतं शे, मास्तर. नाव टिकाव नई."

पाणी उतरायची वाट पाहत आम्ही तिथेच बसलो. यशोदेनं नवऱ्याचा हात धरून, समोरच्या पाण्याकडे बघत विचारलं, "आठे कव्हय तरी पूल व्हई का?"

"व्हई ना. वरथून मोटार जाई," तो म्हणाला.

"मंग तव्हयन्या बाया वाचतीन."

दुपारी ती गेली. बाळही गेलं. पाणी अजून तसंच आहे.

शंभर वर्षांनी इथे पूल असेल, याची मला खात्री आहे. तेव्हाची बाई मोटारीत बसून नदी ओलांडेल, खाली पाहणारही नाही. तसंच व्हावं.

पण यशोदेची धाकटी जाऊ गरोदर आहे. तिला शंभर वर्षं थांब, असं तुमच्यापैकी कोण सांगेल?