थोरल्या पातीचं आमंत्रण

मिरज स्टेशनवर गाडी सुटायच्या आधी बाबांनी माझ्या बॅगा दोनदा मोजल्या. आई खिडकीपाशी उभी होती. "लोकांशी बोलत जा जरा," ती म्हणाली. "नुसती बघत बसू नकोस." मी मान हलवली. खरं सांगायचं तर नव्या गावात कुणाशी बोलावं लागणार नाही, याचं मला बरंच वाटत होतं.

त्याला चार वर्षं झाली. म्हैसूरला गोकुलममध्ये मी वरच्या मजल्यावर राहते. सकाळी खालून योगाच्या मॅट काखेत घेतलेले परदेशी लोक जातात आणि मी लॅपटॉप उघडते. चार शहरांतल्या माणसांकडून वेळेत काम करून घेणं ही माझी नोकरी. म्हणून बाबांच्या मोठ्या भावानं, आप्पाकाकांनी, कुलसंमेलनाचं काम माझ्यावर टाकलं. कुळाची वंशावळ त्यांनी वर्षानुवर्षं जमवली होती. सगळ्यांना एकदा एका मांडवात बघायचं होतं. "ऑफिसात हेच करतेस ना? मग आमचं पण कर की."

मी शीट केली. मांडव, जेवण, गाड्या, प्रत्येक कामापुढे एकेक नाव. आमंत्रणाचा फॉर्म सगळ्या घरांना एकाच वेळी पाठवला. कुणी आधी नाही, कुणी नंतर नाही. मला ते न्याय्य वाटलं.

तीन आठवड्यांत जेमतेम सहा घरांनी तो भरला. दर रविवारी मी कामं वाटून घेतलेल्यांना कॉलवर घ्यायचे, तेव्हा सगळे म्हणायचे, "होतंय, होतंय." मी रिमाइंडर पाठवत राहिले. शेवटी आप्पाकाका हळू आवाजात म्हणाले, "राहू दे आता. रद्दच करू." त्या दिवशी मी त्यांच्या मुलाला, संदीपदादाला, फोन केला.

"थोरल्या पातीला आधी सांगितलंस का?" त्यानं विचारलं.

आमच्या कुळात तीन भावांच्या तीन पाती आहेत. पहिलं आमंत्रण थोरल्या पातीला द्यायचं, तेही घरी जाऊन, नारळ देऊन. त्यांनी हो म्हटलं की मग बाकीचे हलतात. मला हे माहीतच नव्हतं.

"मग कुणी बोललं का नाही?"

"आप्पांना वाटलं, तुला ठाऊक असणार. आणि तू विचारलंस कुठं? तू लिंक पाठवलीस."

इस्लामपूरच्या मालतीकाकू थोरल्या पातीत सगळ्यांत मोठ्या. त्यांचा नंबर लावून मी तीनदा कट केला. जिन्यात माझी घरमालकीण भेटली. तिच्या घरात कित्येक पिढ्यांपासून म्हैसुरी मराठी चालते. मी तिला सगळं सांगितलं. "अय्यो, एवढा विचार कशाला ग? सुम्ने फोन कर," ती म्हणाली. सुम्ने म्हणजे नुसताच, उगाच घोळ न घालता. मी तिथंच पायरीवर बसून फोन लावला.

"म्हैसूरहून बोलतेस? मग बरोबर आहे, आमंत्रण पोचायला वेळ लागणारच," काकू म्हणाल्या. मी चुकले, असं सरळ सांगितलं. "फोनवर घेत नाही मी आमंत्रण. आप्पाला पाठव. आणि तुझी ती येणाऱ्यांची यादी दे त्याच्याबरोबर, कागदावर."

आप्पाकाका दुसऱ्याच दिवशी नारळ घेऊन गेले. पुढच्या चार दिवसांत काकूंच्या फोनांनी जे केलं, ते माझ्या तीन आठवड्यांच्या रिमाइंडरना जमलं नव्हतं. घरामागून घर फॉर्म भरत गेलं. मी फक्त शीटमध्ये आकडे बदलत होते.

पाचव्या दिवशी त्यांचाच फोन आला.

"यादीत तुझं नाव नाही."

"मी ऑनलाइन असेन, काकू. इथून सगळं बघणार आहे."

"बघायला कुणी बोलावलंय? जेवायला ये. तुला कुणी सांगितलं नसेल तर मी सांगते."

मी रजा टाकली आणि शीटमध्ये शेवटची ओळ वाढवली. तुम्ही गावीच राहिलेले असा, नाहीतर माझ्यासारखे बाहेर पडलेले, तुम्हाला हे क्षुल्लक वाटेल. पण चार वर्षं मी समजत होते की घर मागं राहिलं. ती ओळ लिहिताना कळलं, त्या यादीतून मला कुणी वगळलं नव्हतं. माझं नाव मीच लिहिलं नव्हतं.